तुआ पडला ते झाडही सुनेलाच

मी, मुआ थी चू, कै. झांग आ व्हांग यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, सुओई झांगच्या डोंगरावर राहणारी, हे मृत्युपत्र शाळेच्या बाईंकडून लिहवून घेत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे येऊन, चहा पिऊन परत गेले.

१. राहते घर आणि घराच्या वरच्या उतारावरील चहाची सर्व जुनी, वर चढूनच खुडावी लागणारी उंच झाडे माझी सून सुंग थी नू हिला देते. माझा एकुलता मुलगा तुआ वसंतातल्या खुडणीत ज्या झाडावरून पडून गेला, तेही तिलाच. मी ते तोडायला कुऱ्हाड घेऊन गेले होते. नू पोटुशी होती. बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो. ह्यानं माझा पोरगा खाल्ला."

"ह्यानं नाही, आई. धुकं होतं, फांदी ओली होती. मी खालून ओरडत होते, उतर म्हणून."

दोघी तिथेच बसून रडलो. पुढच्या वसंतात तान्ही नात माझ्या पाठीला बांधून नू त्याच झाडावर चढली. कोवळी, पांढऱ्या लवेची पाने तिने उघड्या हातांनी कढईत परतली. मी घोट घेतला. आधी जीभ आवळणारा कडूपणा, मग घशात रानमधाची गोडी, बराच वेळ रेंगाळणारी. तुआच्या हातची चव होती ती. मी कप खाली ठेवला नाही.

२. माझे धाकटे दीर झांग आ सेन म्हणाले, "वहिनी, सून परक्याची पोर. उद्या दुसरं लग्न केलं तर झाडं दुसऱ्या कुळात जातील."

"जाऊ देत, भावजी. तुम्ही कधी चढलात त्यांच्यावर?"

त्यांना काही देत नाही. पहिल्या खुडणीचा चहा मात्र त्यांच्या घरी पोचवावा. भांडण माझे होते, ते नूच्या गळ्यात बांधून जाणार नाही.

३. मुलगी लिया हिला माझ्या गळ्यातली चांदीची हसळी. झाडे मिळाली नाहीत म्हणून तिने रुसू नये. सासरी तिची स्वतःची आहेत.

४. नू, लग्न करावंसं वाटलं तर कर. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच लिहून ठेवते. त्या माणसाला चुलीजवळ तुआच्या जागी बसू दे. ती जागा इतकी वर्षं रिकामी ठेवून मी तुलाच थंडीत बसवलं.

हे मला वाचून दाखवले. माझेच बोलणे आहे.

अंगठा: मुआ थी चू
लिहिणार: हा थी न्युएत, शिक्षिका
साक्षीदार: वांग आ पाओ, गावप्रमुख; थाओ थी सुआ, शेजारीण
सुओई झांग, २ एप्रिल २०१६