चार खिळ्यांच्या आतले घर

श्री बिरोबा प्रसन्न

मी, केराबाई भ्रतार गुंडा वाघमोडे, जात धनगर, वय अंदाजे बेचाळीस, धंदा घोंगडी विणणे, राहणार सोलापूर, शहराच्या कडेची धनगरगल्ली, हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेते. नवऱ्याचे नाव घेणे आमच्यात बरे समजत नाहीत, पण वकिलांचे कारकून धोंडीराम म्हणाले, कागदाला उखाणा चालत नाही, म्हणून घेतले. माझ्या अंगात ताप नाही, डोके ठिकाणावर आहे. हा कागद करावा म्हणून माझ्यावर कोणाचा दाब नाही. करू नये म्हणून मात्र आहे, आणि तो का, ते पुढे येईलच.

कलम पहिले : घर. गल्लीच्या टोकाचे मातीचे घर, मागचे परसू, परसातला आड आणि शेवग्याचे झाड, सर्व माझ्या नावावर आहे. माझे यजमान देवऋषी होते. घर बांधून देणाऱ्या देवऋषीने, म्हणजे मंत्राने चारी दिशा बांधणाऱ्याने, स्वतःच्या नावावर छप्पर ठेवू नये असा त्यांच्या गुरूचा नियम. म्हणून घर घेतले तेव्हा कागद माझ्या नावाचा केला. त्यांचे बाकीचे नियम मला जाचले, हा एक उपयोगी पडला. हे घर मी माझी एकुलती एक मुलगी मायाक्का हिला देते. तिने ते विकावे, भाड्याने द्यावे किंवा पाडून तिथे शेळ्या बांधाव्यात. तिने त्यात राहिलेच पाहिजे असे नाही. हे शेवटचे वाक्य धोंडीरामांना जास्तीचे वाटले. मी म्हटले, मग दोनदा लिहा. तिने त्यात राहिलेच पाहिजे असे नाही.

कलम दुसरे : खिळे. घराच्या आवाराच्या चार कोपऱ्यांत चार लोखंडी खिळे जमिनीत ठोकलेले आहेत. त्यांची हकिकत सांगितल्याशिवाय ते कोणाला देता येत नाहीत.

मानमोडीचा ताप आला त्या साली गल्लीत घराघरातून मढी उचलत होते. मायाक्का तेव्हा रांगत होती. यजमानांनी आपलेच घर बांधायला घेतले. ही बांधणी मी पुष्कळदा पाहिली होती; तबक मीच मांडायची. लिंबू, मीठ, भंडारा, खिळे, हातोडी. आधी गुरूची आणि बिरोबाची परवानगी मागायची. मग उगवतीपासून एकेका दिशेला हाक मारून राखणीला बसवायचे, भंडाऱ्याची रेघ ओढायची आणि त्या दिशेचा खिळा ठोकायचा. सोडणी याच्या उलट. शेवटचा खिळा आधी उपसायचा, प्रत्येक दिशेला ‘आलीस, बसलीस, आता आपल्या जागी जा’ असा निरोप द्यायचा, आणि काम झाले म्हणून सगळ्यांत शेवटी गुरूला सांगायचे. पाहुण्याला बोलावले तर त्याला वाटेला लावण्याचे कामही आपलेच, तसे हे आहे.

त्या दिवशी शेवटचा खिळा त्यांनी बाहेर उभे राहून ठोकला आणि म्हणाले, “केरा, जे आत हाय ते आत. मी सोडंपत्तूर उंबरा वलांडायचा न्हाय. पैला जो भाईर पडंल त्याच्या अंगावर सगळं येतंय.”

“आन् तुमी?” मी विचारले.

“मी बांधणारा. मला भाईरच ऱ्हायला पायजे की.”

ते दुसऱ्यांची घरे बांधायला मोहोळकडे गेले आणि तिकडेच तापाने गेले. गल्लीतली घरे ओस पडली, आम्ही दोघी जगलो. बांधणी खोटी होती असे मी म्हणणार नाही. पण सोडणी राहिली, ती आज सोळा वर्षे राहिली आहे.

आड आत होता म्हणून पाणी मिळाले, माग आत होता म्हणून भाकरी मिळाली. दारावरून वरात गेली की आम्ही मायलेकी उंबऱ्याच्या आतून अक्षता टाकतो. त्या रस्त्यावर पडतात. माझी आई गेली तेव्हा भावांनी तिची तिरडी वळसा घेऊन माझ्या दारावरून नेली. मी हात लांब केला, पण पोचला नाही. घरातले मांजर मात्र खुशाल जाते येते. दीर म्हणतात, जनावराला बांधणी लागत नाही. मला त्या मांजराचा हेवा वाटतो. मृत्युपत्रात खरे सांगायचे असते, म्हणून सांगितले.

कलम तिसरे : माझे दीर सिद्धनाथ. यजमानांच्या शेवटच्या घटकेला जवळ होते ते हे एकटे. हातोडी त्यांनी घेतली. बांधणारा गेला तर ज्याच्या हाती त्याची हातोडी, त्यानेच सोडणी करायची, असा रिवाज आहे. मी दर वर्षी म्हणत आले, भावजी, सोडा आता. दर वर्षी एकच उत्तर.

“वैनी, देवाचा कौलच मिळंना. मी काय करू?”

मेंढरे कधी विकावीत याचा कौल त्यांना देव लगेच देतो. आमचे नाव काढले की देवाची दातखीळ बसते. खरे कारण गल्लीला ठाऊक आहे. बांधलेल्या घरातल्या बाईचा अंगारा लागू पडतो म्हणून अमावस्येला लांबलांबून लोक येतात. उंबऱ्याबाहेर नारळ, ज्वारी, कोंबडी ठेवतात. मी आतून अंगारा देते, बाहेरचे भावजी उचलतात. इतक्या वर्षांत एक नारळ उंबऱ्याच्या आत आलेला नाही.

आमची घोंगडी बाजारात नेऊन विकणारा बिरप्पा म्हणून गिरणीत कामाला असलेला एक भला मुलगा आहे. त्याने मायाक्काला मागणी घातली. भावजींनी परवाच्या अमावस्येला दारात उभे राहून, ती ऐकत असताना सांगितले, “पोरीचं लगीन कसलं करतीस? तुज्यामागं हीच बसंल हितं. गादी रिकामी ठिवायची न्हाय.”

मायाक्का मागावर होती. तिचा हात थांबला. रडली नाही. तिने मला विचारले, “आय, ह्यो रस्ता त्या लिंबाच्या पलीकडं कुटं जातो गं?” दारातून रस्ता त्या कडुलिंबापर्यंतच दिसतो. ती जगली म्हणून मी इतकी वर्षे देवाचे उपकार मानले, आणि पोरीने रस्ता पाहिलेला नाही.

तेव्हा भावजींना मी काहीच देत नाही असे होऊ नये. चारही खिळे त्यांना देते. त्यांनी ते स्वतः येऊन, भावाच्या हातोडीने, चार माणसांदेखत, शेवटचा आधी अशा क्रमाने उपसून न्यावेत. ते आले नाहीत तर, नको असलेली वस्तू मालकाने टाकून दिली असे समजून, मायाक्काने खिळे खणून भंगारवाल्याला घालावेत. अंगाऱ्याची गादी मी कोणालाही देत नाही. ती माझ्याबरोबर संपली.

कलम चौथे : किरकोळ. माग, चरखा, चिंचोक्याची खळ लावायचा कुंचा आणि उरलेली काळी लोकर मायाक्काला. तिची किनार माझ्यापेक्षा सरळ येते. शेजारीण नागम्माने इतकी वर्षे आमचे मीठ-तेल आणून उंबऱ्यावरून दिले. तिला पितळी तांब्या द्यायचा होता, पण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला कागदाने काही देता येत नाही, असे कळले. म्हणून तांब्या कालच तिच्या हातात दिला. वहाणा माझ्याकडे नाहीत, कारण लागल्या नाहीत. त्या कोणाला देण्याचा प्रश्न येत नाही.

कलम पाचवे : धडधाकट बाई मृत्युपत्र का करते, असे धोंडीरामांनी सुरुवातीलाच विचारले होते. उत्तर असे. जो पहिला बाहेर पडेल त्याच्या अंगावर येते, हे यजमानांचे शब्द. मायाक्का पहिली पडता कामा नये. ती लहान असताना मी बाहेर पडले असते आणि मला काही झाले असते, तर पोर आत एकटी कोंडली असती. आता ती मोठी आहे आणि बाहेर तिची वाट बघणारा माणूस आहे. अंगठा घ्यायला नोंदणी कचेरीचे साहेब घरी येतील, अशी कायद्यात सोय आहे म्हणे. मी सांगितले, येऊ नका, मीच येते. मला भीती वाटते आहे, तीही लिहून ठेवा. हातोडी माझ्याजवळ नाही, पण सोडणीचे शब्द पाठ आहेत.

इथवर घरी लिहिले. पुढचे कचेरीत लिहवले.

उंबऱ्यावर उभी राहून एकेका दिशेला निरोप दिला. भावजी रस्त्यात आडवे उभे होते. म्हणाले, “वैनी, मरशील की गं.” मी म्हटले, “मरंन. पण भाईर मरंन.” आणि पाऊल टाकले. डोळ्यांपुढे अंधारी आली, ती उन्हाची निघाली. अजून तरी अंगावर काही आलेले नाही. यायचे असेल ते माझ्यावर यावे, मी पहिली आहे.

दुसरी मायाक्का. वारस असल्यामुळे तिची साक्ष चालत नाही, म्हणून ती बाहेर व्हरांड्यात आहे. हा रस्ता पुढे कुठे जातो, असे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते आहे. तिचा आवाज मला इथवर ऐकू येतो.

केराबाई भ्रतार गुंडा वाघमोडे, डाव्या हाताचा अंगठा.

साक्ष : नागम्मा भ्रतार मल्लप्पा, शेजारीण, अंगठा.
साक्ष : रावजी, मीठ-तेलाचे दुकानदार, सही.

लिहिणार धोंडीराम, वकिलांचे कारकून. सर्व मजकूर वाचून दाखवला, बाईंनी कबूल केला. बाई नागम्मांच्या वहाणा घालून स्वतः पायी आल्या.

तारीख १२ नोव्हेंबर १९३४.
ठिकाण : सोलापूर, दस्त नोंदणी कचेरी. आधी लिहिलेले ‘राहते घर’ हे शब्द बाईंच्या सांगण्यावरून खोडले आहेत.