मी सर्व्हर मोकळा केला नाही, बाबा

बाबा, आज मी दवाखान्याच्या साहेबांना नाही म्हटलं. तोंडावर, चार माणसांसमोर. तुम्ही असता तर डोळे वटारून मला गप्प केलं असतं.

वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी कॉम्प्युटरचं काम पाहते. काल रुग्णांच्या माहितीचा डेटाबेस आम्ही वेगळ्या सर्व्हरवर हलवला आणि आज सकाळी नोंदणीचं पान उघडेचना. पान दाखवणारा वेब सर्व्हर डेटाबेसला हाक मारतो, तिकडून एकच उत्तर येतं, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, जोडणी नाकारली. बाहेर पवनारहून आलेले लोक केसपेपरसाठी उभे, आणि साहेब माझ्या डोक्यावर. “मॅडम, सगळ्यायले मोकळं करून टाका ना! फायरवॉल बंद करा, पासवर्ड काढा. काऊन अडून राह्यल्या?”

कुणाला टीबी आहे, कुणाची पोर कशासाठी तपासायला आणली होती, हे सगळं जगापुढे उघडं टाकायचं? मी म्हटलं, मी नाही करणार. “नोकरी करायची आहे का नाई?” करायची आहे, म्हणूनच नाही करत, म्हटलं.

बिघाड शोधायला मात्र तुम्हीच शिकवलं, हे मान्य. तुम्ही टेलिफोन खात्यात लाइनमन. वडनेरला खांबावरून उतरता, कपाळ पुसता आणि मला सांगता, “लाइन मेली असन तर काईच ऐकू येत नाई. घंटी जाते अन् कोणी उचलत नाई, तं लाइन चांगली आहे, गडबड घरात आहे.” इथेही नकार तत्काळ येत होता, म्हणजे लाइन चांगली होती. परक्यांना अडवणारी फायरवॉल मध्ये आडवी असती तर बहुतेक उत्तरच न येता नुसती वाट पाहत बसावं लागलं असतं. म्हणून थेट डेटाबेसच्या सर्व्हरवर गेले. डेटाबेस व्यवस्थित चालू होता, पण फक्त स्वतःच्या मशीनवरून आलेली हाक ऐकत होता. आधी वेबसाइट नि डेटाबेस एकाच मशीनवर होते, ती जुनी सेटिंग तशीच सोबत आली होती. मी ती बदलली, एका वेब सर्व्हरला तेवढी परवानगी दिली, बाकी जगाला बंदच ठेवलं. पान उघडलं, रांग पुढे सरकली. तरी साहेबांचा पारा उतरला नाही. उद्या सगळ्यांसमोर माफी मागा, नाही तर येऊ नका, म्हणाले.

तुमची दुसरी शिकवण मी घेणार नाही. गावातल्या नर्सबाईंचा फोनसाठी नंबर लागला होता आणि तुमच्या साहेबाच्या सांगण्यावरून तुम्ही ती लाइन कापसाच्या जिनिंगवाल्याच्या बंगल्यावर ओढलीत. रात्री आई पोळ्या लाटते आहे, मी विचारते, “काऊन देली त्याले?” तुम्ही ताट पुढे लोटता. “साहेब सांगते ते करा लागते. तुले काय समजते? जेव चूपचाप.” मला सगळं समजत होतं, बाबा. बाळंतपणाचा निरोप द्यायला माणसं त्यानंतरही सायकल हाणत नर्सबाईंच्या दारी येत राहिली, आणि तुम्ही तो रस्ता टाळून ड्युटीवर जायला लागलात. माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही.

उद्या मी दवाखान्यात जाणार आहे. माफी मागणार नाही. काढतील तर काढोत.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगून टाकते. नाही म्हणताना मी घाबरले होते, टेबल धरून उभी होते. त्या दिवशी तुम्हीही असेच घाबरला असाल, हे मला आज पहिल्यांदा कळलं. तरीही तुम्ही नाही म्हणायला हवं होतं.