उजव्या बाजूची खरखर

रविवार, ६ ऑक्टोबर

शुक्रवारी लिहिलं ते चुकीचं आहे. खोडत नाही, इथे दुरुस्त करते.

लिहिलं होतं — ‘घरच्या स्टिरिओत उजवीकडून खरखर येतेय. वहिनींनी स्पीकर पुसताना उजव्याचा पडदा दाबला. मी पाहिलं.’ पाहिलं नाही. वहिनींच्या हातात फडकं पाहिलं, जाळी काढून ठेवलेली पाहिली. बाकीचं मनानं जोडलं. नुसतं वहीत राहिलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण जेवताना बाबा, दादा, वहिनी, तिघांसमोर तोंडानं बोलले — “मी पाहिलं.”

वहिनी म्हणाल्या, जाळी पुसली, आत हात लावला नाही. दादानं आमटी वाढून घेतली. बाबांनी माझंच खरं मानलं. मानणारच. आमच्या दुकानातून दुरुस्त होऊन जाणाऱ्या प्रत्येक स्टिरिओवर चिठ्ठी लागते — ‘ऐकून पाहिलं’, खाली बाबांची सही. बारीक सूर त्यांना आता ऐकू येत नाहीत. वर्षभर ऐकते मी, सही करतात ते. पुढच्या सोमवारपासून, चौदा तारखेपासून, सहीही माझी.

सोमवार, ७

लहानपणी बाबांनी टेबलाशी बसवून पाठ करून घेतलेला क्रम: आधी तार, मग खोका, मग यंत्र, माणूस सगळ्यात शेवटी. मी माणसापासून सुरुवात केली!

आज क्रमानं. तारा सोडल्या, टोकं नव्यानं सोलून घट्ट बसवल्या. खरखर तशीच. उजव्याचा पडदा चार बोटांनी हलकेच दाबला — कुठे घासत नाही, फाटलेला नाही. मग डावा खोका उजवीकडे, उजवा डावीकडे. दोष खोक्यात असेल तर खरखर खोक्याबरोबर जाते. गेली नाही. उजवीकडेच!

म्हणजे खोका चांगला. वहिनीही निर्दोष.

आणि लगेच मनात काय आलं — अॅम्प्लिफायर बिघडलेला निघाला तर बरं, सगळ्यांचं लक्ष तिकडे जाईल. हे आलं होतं, म्हणून लिहून ठेवते.

वहिनींना ऐकायला बोलावलं. उंबऱ्यावरच थांबल्या. “मी या खोलीतून हात मागे बांधून जाते हो ताई. न जाणो, माझ्या सावलीनंही काही फुटायचं.” थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, स्वच्छ आहे. मला वाटलं, अंग काढून घेतायत.

मंगळवार, ८

दुकानातला खणखणीत अॅम्प्लिफायर घरी आणून जोडला. खरखर उजवीकडेच. तारा बदलल्या, खोके बदलले, यंत्र बदललं. आता काय उरलं?

स्क्रू हातातून निसटून मागे गेला. उचलायला वळले, स्पीकरांकडे पाठ झाली — आणि खरखर डाव्या खोक्यातून! परत तोंड केलं — उजव्यातून. पुन्हा पाठ — डाव्यातून. चार वेळा केलं. मग उजव्या कानात बोट घातलं.

आरशासारखं स्वच्छ.

चमचा वाटीवर वाजवला. नळ सोडला. उजव्या कानाला सगळंच फाटकं. दोन आठवडे सर्दीचा दडा म्हणून अंगावर काढतेय. दुकानात आलेला एका नृत्यशिक्षिकेचा स्पीकर गेल्या आठवड्यात ‘आवाज फाटतोय’ म्हणून मीच पुन्हा उघडायला लावला. तोही चांगलाच होता की काय?

माणूस सगळ्यात शेवटी — तो माणूस मी.

बाबांना सांगितलं तर सोमवारची सही गेली. आधी डॉक्टरांना दाखवावं. बरा झाला कान, तर मग सांगायची गरजच — हे वाक्य पूर्ण करणार नाही.

बुधवार, ९

डॉक्टरांची वेळ उद्या सकाळची.

वहिनींना बाजूला घेऊन सांगावंसं वाटलं. नाही. तिघांसमोर बोललेलं एकीच्या कानात परत घ्यायचं, ही चोरटी माफी. पण दादा कामासाठी परगावी, शुक्रवारी संध्याकाळी येणार. तोवर थांबणं बरोबर, की नुसतं सोयीचं? ठरवता येत नाही.

गुरुवार, १०

कान आतून सुजलाय. चार आठवडे औषध. पूर्ववत होईलही, नाहीही — डॉक्टर इतकंच बोलले.

घरी आले तर बाबा खुशीत. सूनबाईंनी मोकळेपणानं कबूल केलं म्हणे, असेल माझ्याच हातून झालं. वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या.

“बघ,” बाबा मला म्हणाले, “तुझ्या कानांवर मी उगीच नाही विसंबलो.” कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. मी तो घेतला.

ते गेल्यावर वहिनींना विचारलं, असं का म्हणालात?

“रोज तेच चाललंय ताई. कुणीतरी हो म्हटलं की संपतं.”

गुरुवार, पुन्हा

दादा संध्याकाळी आठला पोचतो. चौघं जेवायला बसल्यावर, वाढायच्या आधी. चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाबांच्या ताटाशेजारी ठेवायचा. पहिलं वाक्य — मी पाहिलं नव्हतं. कानाचं त्यानंतर, नाहीतर ती सबब होईल.

उद्या. शुक्रवार, अकरा तारीख.