धाकट्याची दोन उंच खोकी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा स्पीकर बांधणे व दुरुस्त करणे, शिक्षण सातवी आणि पुढचं सगळं शॉक खाऊन, असे लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात थरथरतो, पण अक्षर लागतंय तोवर लिहून घेतो. मला कोणी भरीस घातलेलं नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुठे एखादा कागद निघालाच तर तो रद्द समजावा. या कागदाप्रमाणे व्यवस्था लावण्याचं काम माझ्या मुलीने करावं. ती भांडकुदळ आहे, म्हणूनच तिला नेमलं.

१. राहतं घर पत्नीचं. तिच्या हयातीत "आई, एकटी कशाला राहतेस, आमच्याकडे ये" असं गोड बोलून तिला कोणी उठवू नये. तिच्यामागे मुलगा आणि मुलगी यांना सारखं. बँकेत जे असेल तेही तिचंच. ते तिने स्वतःवर उडवावं, नातवंडांवर नव्हे, अशी माझी इच्छा आहे आणि ती ऐकणार नाही याची खात्रीही आहे.

२. दुकान भाड्याचं आहे. ते मालकाला झाडून, पुसून परत द्यावं. हत्यारं मुलीला. ती शाळेत होती तेव्हाच माझ्यापेक्षा स्वच्छ सोल्डर करायची. मीटरचा काटा एका बाजूला झुकलेला आहे, त्याला अर्धं घर वजा धरून वाचावं. दातांच्या डॉक्टरांकडे माझे दोन लोखंडी स्टँड अकरा वर्षं आहेत. "उद्या आणतो" म्हणाले होते. ते जाऊन घेऊन यावेत. मी जिवंत असताना भीड वाटली. मेल्यावर भीड कसली?

३. माझे स्वतःचे छोटे स्पीकर, म्हणजे फळीवर मावतात तेवढे, हेही मुलीला. तिची खोली दहा बाय अकरा. एवढ्या खोलीत छोटे बरे. पण कपाटात कोंबू नयेत. स्टँडवर ठेवावेत, भिंतीपासून हातभर पुढे, आणि वरचा लहान स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाशी यावा. छोट्या खोक्याला खोल खर्ज झेपत नाही. हवा असेल तर खर्जाचं वेगळं खोकं जोडावं आणि शेजाऱ्यांशी बोलणं चालू ठेवावं.

४. मुलाचा हॉल मोठा आहे आणि त्याला घरी सिनेमागृह करायचंय. तो मला परवा म्हणाला, "बाबा, उंच असले की कसं, भारदस्त दिसतं." अरे, स्पीकर काय नवरदेव आहे का, भारदस्त दिसायला? मोठ्या खोलीला उंच स्पीकर शोभतात, कारण हवाही जास्त हलवायची असते, दिसण्याचा संबंध नाही. पण सिनेमासाठी तुला आधी मधला स्पीकर हवा, ज्यातून बोलणं येतं. बंदुका सगळ्यांनाच ऐकू येतात, नायिका काय म्हणाली ते कळत नाही आणि मग घरभर "काय म्हणाली?" चालतं. तुला मधल्या स्पीकरचा सगळा सरंजाम दिला. उंच खोकी तुला मिळणार नाहीत. राग मानू नकोस. ती माझी नाहीत.

५. आता त्या उंच खोक्यांचं.

मला एक धाकटा भाऊ होता. सुतार. आम्ही एकाच दुकानात बसायचो. तो खोकी करायचा, मी आतलं सगळं बसवायचो. त्याचा जोड असा असायचा की त्यात पोस्टकार्डसुद्धा शिरणार नाही. आमचा एकच वाद, पण बारमाही. तो म्हणायचा, आवाज जमिनीवर उभा राहिला पाहिजे, खोकं उंच हवं. मी म्हणायचो, छोटं खोकं स्टँडवर ठेव आणि खर्ज वेगळा काढ, जागा वाचते. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी आम्ही भांडत बसायचो.

शेवटी सव्वीस वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी फैसला करायचं ठरलं. दोन्ही जोड्या दुकानात मांडायच्या, जाणकार अकरा गिऱ्हाइकांना बोलवायचं, ते सांगतील ते खरं. धाकट्याने त्या उंच खोक्यांवर चार महिने घालवले. मोठे स्पीकर मी बसवले. त्या वेळी आलेल्या मालावर अधिकची बाजू कुठली याची लाल खूण नव्हती. अशा वेळी एक सेल घ्यायचा, दोन टोकांना क्षणभर टेकवायचा आणि बघायचं. कागदाचा कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, बाहेर आला तर सेलची अधिक बाजू जिथे टेकली तीच स्पीकरची अधिक. माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी शिकवलं. त्याला एक मिनिट लागतं. त्या शनिवारी मी ते मिनिट वाचवलं. अंदाजाने खूण केली, पत्नीच्या नखांच्या रंगाने, आणि खोकी बंद केली.

रविवारी आधी माझे छोटे वाजले. माना डोलल्या. मग उंच लावले आणि खर्ज गायब. तबला असा वाजला की कोणी पुठ्ठ्यावर टिचक्या मारतंय. मी बाहेरच्या वायरी बघितल्या, लालला लाल, काळ्याला काळी, सगळं बरोबर. गिऱ्हाइकाच्या घरी असा आवाज ऐकला असता तर एका स्पीकरची वायर उलटी आहे हे मी उंबऱ्यातूनच सांगितलं असतं. त्या दिवशी मी पुढे बघितलंच नाही. का, तेही लिहितो. मला आनंद झाला होता.

धाकटा एका खोक्याला कान लावून उभा होता. म्हणाला, "दादा, तू मध्ये बसून ऐकतोयस. जरा इथे जवळ ये. खर्ज आहे रे! जवळ आहे, मध्ये बसलं की कुठे जातो कोण जाणे."

मी म्हणालो, "जातोय कुठे? तुझ्या जोडांतून गळतोय. खोकं केलंयस की गाळणी?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. लोक हसले. धाकट्याने कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. दुकानात त्याने ती खिशात ठेवलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

मला वाटलं होतं, चार दिवस रुसेल. पण हसलेली माणसं घरोघर गेली. त्याचं नाव 'गाळणी' पडलं. कपाट करून घ्यायचं म्हटलं की कोणीतरी म्हणायचं, "गाळणीकडे नको हं, पीठ सांडेल." मी एकदाही कोणाला गप्प केलं नाही. दोन वर्षांत त्याचं काम बसलं आणि तो कारखान्यात यंत्रांसाठी पेट्या ठोकायला गेला. पोस्टकार्ड शिरणार नाही असे जोड करणारा माणूस सतरा वर्षं फळकुटांना खिळे मारत राहिला. चार वर्षांपूर्वी छातीच्या दुखण्याने गेला. त्याच्या अंत्ययात्रेला गेलो तेव्हा मागे उभा होतो. शेजारच्या मास्तरांना म्हणालो, "हात चांगला होता त्याचा." मास्तर म्हणाले, "तुम्हीच तर म्हणाला होतात ना, की..." आणि पुढचं त्यांनी गिळलं.

खोकी त्याने नेली नाहीत. मी मोडायला काढली होती, पत्नी आडवी आली. "भाऊजींच्या हातचं आहे, हात लावाल तर बघा." तिने ती घरी आणवली, त्यांवर चादर घातली आणि वर कुंड्या ठेवल्या. तिची एक नेहमीची कुरकुर होती, "हे दोन पाहुणे बसतही नाहीत आणि जातही नाहीत." पण पुसायची रोज.

दोन महिन्यांपूर्वी, मुलांत कोणाला काय द्यायचं ते ठरवावं म्हणून मी सगळं पुन्हा जोडलं. मी मध्ये बसलो. तोच टिचक्यांचा आवाज. मुलगी डाव्या खोक्याशी उभी होती. म्हणाली, "बाबा, इथे खर्ज आहे की! मध्ये आलं की का जातो?"

मी सेल मागितला. एकाचा कोन बाहेर आला. दुसऱ्याचा आत गेला. एक ढकलत होता, दुसरा ओढत होता, आणि मधल्यामध्ये खर्ज मरत होता. लाकडाचा काही दोष नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं, एवढीच सव्वीस वर्षांची गोष्ट. आणि तेवढी वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोक सांगत आलो, उंच घेऊ नका, आम्ही करून बघितलंय.

मी लिहून देतो की माझ्या धाकट्या भावाच्या खोक्यांत कोणताही दोष नव्हता व नाही. दोष माझ्या हाताचा होता. त्याहून जास्त माझ्या आनंदाचा.

६. ही दोन्ही उंच खोकी धाकट्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला. ती स्वयंपाकघराची कपाटं करते. कामाला नाव ठेवायला जागा नाही, तरी जुनी माणसं अजून पत्ता सांगताना "गाळणीची मुलगी" असंच म्हणतात.

७. वरची सहा कलमं लिहून झाल्यावर मी पुतणीला बोलावलं. चार वर्षांत ती आमच्या घरी आली नव्हती.

पत्नी म्हणाली, "बस गं. पाणी तरी घे."

"नको काकू. उभीच बरी."

मी सगळं सांगितलं. तिने कुंड्या खाली ठेवल्या, चादर काढली आणि एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"काका, हे कधी कळलं?"

"दोन महिने झाले. धीर होत नव्हता."

"आणि आता मृत्युपत्रात लिहिताय."

"हो. खोकी तुला दिली आहेत. खरं काय ते सगळं लिहिलंय."

"म्हणजे तुम्ही गेल्यावर वकील वाचणार, दार लावून. बाबांना गाळणी म्हणालात ते भर दुकानात, आणि चूक कबूल करणार ती मेल्यावर? बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे तर झोपा करणाराही निघाला!"

"मग काय करू? तू सांग."

"मी कशाला सांगू? तेव्हा तुम्हाला कोणी शिकवलं होतं?"

पत्नी पदराने डोळे पुसत होती. तिच्याकडे बघून पुतणी जरा थांबली. दारातून वळून म्हणाली, "वायर दुरुस्त केलीत का?"

"अजून नाही."

"करू नका. आधी तशीच ऐकवा. मग बदला. लोकांना कानांनी कळू दे. तुमच्या सांगण्यावर विश्वास ठेवून ते एकदा फसलेत."

८. सबब हे मृत्युपत्र बंद पाकिटात ठेवायचं नाही. अकरांपैकी सहा जण हयात आहेत. त्यांना येत्या रविवारी सकाळी दुकानात बोलावलं आहे. तिथे मी हे पहिल्या ओळीपासून स्वतः वाचेन. पुतणीला निरोप दिला आहे. यायचं की नाही ते तिचं. ती खोकी घेणार नसेल तर ती माझ्या पत्नीकडे राहतील. विकायची नाहीत, मुलाच्या हॉलमध्ये न्यायची नाहीत. बाहेरून एका खोक्याची वायर उलटी जोडली की आवाज बरोबर येतो. आतली जोडणी मात्र कोणी सुधारू नये. पुढेमागे कोणी खोकं उघडलं तर माझी चूक त्याला जागेवर सापडली पाहिजे.

माझ्या वतीने पुतणीकडे माफी मागायला कोणी जाऊ नये. तिला आमच्या घरच्यांशी पुन्हा संबंध ठेवावासा वाटला नाही, तर तो तिचा हक्क आहे.

९. सहीपूर्वी स्वतःच्या हाताने वाढवलेला मजकूर. वाचून झालं. दोनदा थांबलो, मास्तर म्हणाले, "पाणी घ्या," पण वाचायचं थांबवा असं कोणी म्हणालं नाही. खोकी घरून दुकानात आणून मांडली होती. आधी होतं तसं ऐकवलं. मग मुलीने मागे जाऊन वायर बदलली. खर्ज आला तो पायांतून आला. सहाही जण खाली बघत बसले. पुतणी आली होती, दाराशी उभी होती. ती आत आली आणि वाजत्या खोक्याच्या कुशीवर तिने पंजा ठेवला, गाणं संपेपर्यंत उचलला नाही. मग म्हणाली, "जोड हलत नाहीत." माझ्याशी नव्हे, बसलेल्यांशी. आणि खोकी न नेता गेली. कलम सहा आहे तसंच राहावं.

वरील सर्व मजकूर माझा, माझ्या हातचा व मला मान्य आहे.

सही: मोठा भाऊ, स्पीकरवाला

साक्षीदार पहिला: निवृत्त शाळामास्तर. मजकूर समोर वाचला, सही समोर झाली. आवाज दोन्ही प्रकारे ऐकला.

साक्षीदार दुसरा: वायरमन. सही समोर झाली. सव्वीस वर्षांपूर्वीच्या रविवारी मी इथेच बसलो होतो. 'गाळणी' हे नाव बाहेर पहिल्यांदा मी घेतलं. हे कागदावर यावं म्हणून लिहिलं.

ठिकाण: दुकान, शटर पूर्ण वर
दिनांक: ९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेअकरा