बटाट्याच्या वाफ्यातला पाय

थॉर्पबेक, लिंकनशायर
शनिवार, ३ ऑक्टोबर १९९८

चिरंजीव क्लिफर्ड,

आईचे आशीर्वाद, न मागता. माझे गुडघे कुरकुरतात, कोंबड्या अंडी देतात, तू इकडे फिरकत नाहीस. तिन्ही बातम्या जुन्याच. फोन केला की आपटतोस, म्हणून पत्र.

नवी बातमी अशी, की तुझ्या पोराला, पेरीला, धातू शोधायच्या यंत्रानं एका जुन्या काशाच्या हंड्याचा पाय सापडला. तीन पायांचा हंडा असणार. पाय अंगठ्याएवढा, मांजराच्या पंज्यासारखा. गाढवानं तो व्हिनेगर लावून घासला, चर्चच्या दाराच्या मुठीसारखा लखलखीत केला. संग्रहालयात दाखवायला नेला, तर तिथल्या बाई कळवळल्या, "सहाशे वर्षांचा रंग धुऊन टाकलात की हो!" मग विचारलं, सापडला कुठे? हा म्हणतो, आजीच्या बटाट्याच्या वाफ्यात.

आता गुरुवारी बाई माणसं घेऊन माझा वाफा खणायला येताहेत, उरलेला हंडा शोधायला. माझ्या बटाट्यांखाली बटाटेच आहेत, क्लिफर्ड.

का रे थांबलास? लिही.

हो, पत्र पेरीच लिहितोय. एवढा मोठा घोडा झालाय आणि पेन खाली ठेवून म्हणतोय, "आजी, बाबांना नको ना सांगूस. ते पोलीस बोलावतील." बोलावू देत. हेही लिही.

पाय तुझ्या ओढ्याकाठच्या शेतात सापडला. तुम्हा बापलेकांच्या भांडणात तू त्याला बजावलं होतंस, शेतात पाऊल टाकायचं नाही. मालकाला न विचारता यंत्र फिरवणं म्हणजे चोरी, हेही त्याला ठाऊक. तरी गेला. बापाच्या बांधापाशी घुटमळायला निमित्त हवं होतं, असं मी म्हणत नाही. तूच काय ते समज.

पण बुधवारी तू तिथे खोल नांगर घालणार, असं दूधवाला सांगत होता. खाली हंडा असेल तर चुरा होईल त्याचा.

मला अक्षर येत नाही. मी बोलले तेच यानं लिहिलं, की हवापाण्याच्या गप्पा खरडल्या, मला कळायची सोय नाही. पाकीटही तोच चिकटवणार, टपालपेटीतही तोच टाकणार. मी अडवणार नाही.

तेव्हा हे तू वाचत असशील, तर पोरानं आपल्या हातानं कबूल केलंय. आधी नांगर थांबव. मग काय ओरडायचंय ते इथे येऊन ओरड.

फुली माझी, अक्षर तुझ्या मुलाचं.

×
आई