दक्षिणमुखी तबेला

१२ नोव्हेंबर
संकल्प: रोज डायरी लिहायची. दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मद गावात अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, फार्मवर बारा घोड्यांचा तबेला बांधायचाय. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्लिश तबेल्यासारखा हुबेहूब: कमान, मधे चौक, वर घड्याळाचा मनोरा, प्रत्येक खणाला वर-खाली दोन फळ्यांचं दार. डिझाइन माझ्याकडे. हे झालं की मी सीनियर, मग फॅमिली व्हिसा. नाशिकला बायकोला फोन केला. नमिता, जूनमध्ये तू आणि नुपूर इथे. इन्शाल्ला वगैरे नाही, नक्की.

२० नोव्हेंबर
लोडमुळे लिहिणं राहिलं. धोंडीराम गवंडी साताऱ्याकडचा, इंडस्ट्रियल एरियातून कंपनीच्या बसने येतो. म्हणे दारं उत्तरेला घ्या, वारा तिकडचा. ड्रॉइंगमध्ये दारं-खिडक्या सगळं दक्षिणेला. समजावलं, घोड्यांना ऊन मिळावं म्हणून इंग्रजांनी तसं केलंय.

"सायेब, हितं उनाला काय तोटाय?"

माणूस कष्टाळू. हेरिटेज मात्र डोक्यावरून जातं.

११ फेब्रुवारी
छपराला काळी स्लेट. झकास! प्रोजेक्ट मॅनेजर कमालसाहेबांनी एसीचं विचारलं. म्हटलं, ओरिजिनलला नव्हता. ते म्हणाले, लेखी द्या. दिलं. केवढा विश्वास आहे माझ्यावर!

१९ मे
हँडओव्हर. घड्याळ दहा मिनिटं मागे, किरकोळ आहे. नमिताने विचारलं, नुपूरचा शाळेतून दाखला काढू का? बिनधास्त काढ म्हटलं.

२ जून, दुपारी ३
सकाळी चार घोडे आणले. पांढरी घोडी चार नंबरच्या खणात बसली ती उठलीच नाही. धोंडीराम तिच्यावर बादल्या ओतत होता आणि रडत होता. आत एक्कावन्न डिग्री. घोडीला आधीचंच काहीतरी असणार.

५ जून
व्हेटचा रिपोर्ट: इमारत जनावरांसाठी अयोग्य. कमानीबद्दल एक वाईट शब्द नाही. कमालसाहेबांनी मीटिंगमध्ये माझं पत्र वाचून दाखवलं.

१६ जून
शेजारी पत्र्याचा एसी तबेला उभा राहिला. माझ्या तबेल्यात आता कामगार राहणार. रिपोर्टमध्ये माणसांबद्दल काही लिहिलेलं नाही. मला साइटवर स्टोअरकीपर केलंय. तात्पुरतं असणार. दोह्यातली खोली खलास.

१८ जून
मला चार नंबरचा खण मिळाला. शेजारी तीनमध्ये धोंडीराम, त्याने न विचारता माझी गादी आत आणून टाकली.

नमिताचा फोन. दाखला काढला, शाळेने नुपूरची जागा दुसऱ्या मुलीला दिली, व्हिसा कधी? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. घर केवढं विचारलं. बारा खोल्या, मधे चौक, वर मनोरा. खोटं काहीच नाही. मग नुपूरने फोन घेतला.

"बाबा, व्हिच वन इज माय रूम?"

पाच नंबर, माझ्या शेजारचीच, म्हटलं. फोन ठेवला आणि मग रडूच आलं. दारं उत्तरेला घ्यायला हवी होती.