येतोच४

४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. टोमणेही मिळाले, जागच्या जागी लागले. पत्र टाइप करून पाठवतो म्हणून मला साहेब म्हणतेस, पण माझं अक्षर तुलाच लागत नाही, त्याला मी काय करू?

इथे दिवसभर गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं देणं चालू आहे. दिलगिरीचे, दिरंगाईचे, चौकशी चालू असल्याचे असे दीडशेक परिच्छेद मी कॉम्प्युटरात साठवून ठेवलेत. प्रत्येकाला एक खुणेचा शब्द. ‘खेद३’ लिहून एक बटण दाबलं की अख्खा परिच्छेद उमटतो, बघावंसुद्धा लागत नाही. बाकीच्यांची दिवसाला पंधरा उत्तरं होतात, माझी चाळीस. आता ऑफिसातले सगळे प्रोग्राम नवे येणार आहेत, तेव्हा पन्नाशी गाठतोच बघ.

खालचं आईला वाचून दाखव.

आई, तुझी आठवण आली नाही असा एक दिवस जात नाही. सकाळच्या चहाचा पहिला घोट घेतला की तुझा हात पाठीवरून फिरल्यासारखा वाटतो. हातातलं एवढं काम उरकलं की तडक निघतो. दार उघडं ठेव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

१२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आईला फोनवर काही ऐकू येत नाही, डोळेही गेल्यात जमा, म्हणून तुझं पत्र मी तिच्या कानाशी तोंड नेऊन वाचते. या खेपेला गंमतच झाली. मी चहापर्यंत पोचले, तर पाठीवरच्या हाताचं तिनेच म्हणून दाखवलं. लेकाच्या मनातलं आईला कळतं, असं म्हणत मी शिवणाच्या मशीनवर बसले आणि चारदा डोळे पुसले.

आता मुद्द्याचं. परवा ती बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले की हृदय इतकं थकलंय की ऑपरेशन झेपायचं नाही, महिना काढला तरी पुष्कळ. ती तुझ्याशिवाय काही मागत नाही. चार वाजले की मला रस्त्याकडचं दार उघडायला लावते. धूळ थेट माझ्या शिवणावर येते, दवाखान्याचे पांढरे कोट दोनदा धुवावे लागले. धाकट्या, रजा टाक आणि नीघ.

जीव तुटतो म्हणून लिहिलं, नाहीतर गप्प बसले असते.
तुझी ताई

२१ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. धक्का१

आईला वाचून दाखव. आईमाया१

रजेचं म्हणशील तर येतोच४

तूही तब्येतीला जप२

लोभ१
तुझा धाकटा

२७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी उलटसुलट करून तीनदा बघितलं. आधी वाटलं, शाई संपली असेल. मग तुझा ‘खेद३’ आठवला. आईच्या उशीखालची सगळी पत्रं काढून कापायच्या टेबलावर ओळीने मांडली. सव्वीस पत्रं. चहाचा घोट अकरा पत्रांत, शब्दाला शब्द. साहेबांची बदली, तुझा ताप आणि वर्षअखेरचं काम आळीपाळीने. हे येतोच एक, दोन आणि तीन असावेत. चौथा काय होता याची मला फार उत्सुकता आहे. शेवटचा लोभसुद्धा साठवणीतला निघेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

आई कान लावून पडली होती. तिला मी काय वाचून दाखवणार, आईमाया१? तुझा जुना परिच्छेद घडाघडा म्हणून दाखवला, एव्हाना मलाही पाठ झालाय. तिचा चेहरा बघून माझी मलाच लाज वाटली. तुझी वाटायची आता संपली.

डॉक्टर दिवस मोजायला सांगतात. ये. नाहीच जमलं तर दोन ओळी हाताने लिही. अक्षर लागलं नाही तरी चालेल.

ताई

४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हाताने लिहितोय, सांभाळून घे. ते पत्र नव्या प्रोग्रामच्या पहिल्या सकाळचं. सवयीने खुणेचे शब्द लिहिले, बटण दाबत गेलो, नजर समोरच्या तक्रारीवर. छापलं, घडी घातली, पाकिटात टाकलं. दुपारी कळलं की साठवणीची ती सोयच नव्या प्रोग्राममधून काढून टाकलीय. का, ते कॉम्प्युटर विभागातल्या बाईंनाही सांगता येईना. माझी उत्तरं चाळिसावरून नवावर आली. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं की मला मुळात लिहिता येतं का. अशात रजा मागितली तर खुर्चीच जायची.

आईचं ते मी खोटं लिहिलं नव्हतं गं. सहा वर्षांपूर्वी घर सोडलं, त्या आठवड्यात रडत रडत लिहिलं होतं. इतकं चांगलं उतरलं की पुन्हा लिहून बिघडवायला नको वाटलं. आता तीन संध्याकाळी कोरा कागद घेऊन बसलो, पण ‘आई’च्या पुढे हात जात नाही. म्हणून एक विनंती आहे. त्या अकरांतलं एक पत्र परत पाठव, म्हणजे बघून हाताने उतरवून काढतो. माझ्याकडे प्रत उरलेली नाही. बाई म्हणाल्या की दोनेक आठवड्यांत जुना प्रोग्राम परत बसवून देता येईल. तोवर आईला धीर धरायला सांग.

रागाव, पण तोडू नकोस.
तुझा धाकटा

१२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

आई गुरुवारी सकाळी गेली. फोन मुद्दामच केला नाही.

आदल्या संध्याकाळी तिने तुझं पत्र वाचायला सांगितलं. मी पुन्हा तेच पाठ म्हटलं. घाईत ‘तडक’ राहून गेलं, तर तिने ते भरलं. मग म्हणाली की पोरगा दर वेळी तेच लिहितो हे पहिल्याच वर्षी तिच्या ध्यानात आलं होतं. पण लिहिलंय चांगलं, तेव्हा मी तुला बोलू नये. दार उघडं आहे ना, असंही विचारलं. मी हो म्हटलं. ते खरंच उघडं होतं.

तू एक पत्र मागितलंस, मी अकराही पाठवते आहे. दार आता लावून घेतलंय. धुळीचा त्रास कमी झाला. तू यायची घाई करू नकोस.

ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. वाचून मन सुन्न झालं. आपल्यावर कोसळलेल्या दुःखात आम्ही मनापासून सहभागी आहोत.

जुना प्रोग्राम काल परत बसला. सगळे परिच्छेद जसेच्या तसे आहेत, एक अक्षर गेलेलं नाही. एका दिवसात त्रेचाळीस उत्तरं झाली, साहेब स्वतः टेबलापाशी येऊन गेले.

ताई, तुझी आठवण आली नाही असा एक दिवस जात नाही. सकाळच्या चहाचा पहिला घोट घेतला की तुझा हात पाठीवरून फिरल्यासारखा वाटतो. हातातलं एवढं काम उरकलं की तडक निघतो. दार उघडं ठेव.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा